पीटरची बोट कुणाच्या भरवशावर?

शिडाच्या बोटीतलं मला काय कळतंय, सांगा! पण आमचा बॉस पीटर बोटी ठेवायच्या धक्क्यांची, म्हणजे मरिनांची, तीन ब्रोशर माझ्या टेबलावर टाकून म्हणाला, "अंजली, दक्षिण स्पेनमध्ये माझी बोट हिवाळाभर ठेवायचीय. मरिना तूच निवड, माझं काही ठरत नाही."

कुठे स्विमिंग पूल, कुठे रेस्टॉरंट. मी तिन्हीकडे फोन लावला आणि एकच विचारलं, "मालक नसताना बोटीकडे बघणार कोण?" दोघांनी सीसीटीव्हीचं कौतुक केलं. सीसीटीव्ही काय दोर आवळायला खाली उतरणार? तिसरीकडची बाई म्हणाली, "मी. रोज दोर बघते, महिन्यातून दोनदा इंजिन चालू करते."

"खलास! हीच मरिना," मी पीटरला सांगितलं.

तो चाटच पडला. "हे तुला सुचलं कसं?"

"अरे, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे इंडियनच. उन्हाळ्यात अख्खी बिल्डिंग इंडियाला जाते. सात घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. तुळशींना पाणी घालायचं, गाड्या सुरू करून ठेवायच्या, सगळं मीच करते."

जूनमध्ये बोटीवर सुट्टीला निघताना पीटरने माझ्यासमोर दोन किल्ल्या ठेवल्या.

"घरात तीन कुंड्या आहेत, गाडी बेसमेंटमध्ये. आणि अंजली, इंजिन महिन्यातून दोनदा हं!"