न्यायाधीशाची अर्धी गोष्ट

तुम्ही हसाल, पण आमच्या उस्मानभायची नोकरी तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रज न्यायाधीशापायी गेली.

उस्मानभाय दापोलीचा. कुवेतमध्ये शुवैखच्या वर्कशॉपात आम्ही बरोबर होतो. मुंबईत कायद्याचं पहिलं वर्ष करून सोडलेला, म्हणून बोलण्यात सारखा कायदा. एका उन्हाळ्यात नव्या इंग्रज सायबानं दुपारची सुट्टी बंद केली. माणसं चक्कर येऊन पडायला लागली, तसा उस्मानभाय केबिनमध्ये शिरला. मागोमाग आम्ही.

"साहेब, सुट्टी करारात आहे. तुमच्याच एका न्यायाधीशानं राजाला तोंडावर सांगितलं होतं, कायदा तुमच्याही वर आहे म्हणून."

"शाळेत शिकलोय मी," साहेब म्हणाला. "पुढे त्याचं काय झालं?"

पुढचं उस्मानभायच्या पहिल्या वर्षात आलंच नव्हतं.

"राजानं त्याला घरी बसवलं. तूही जा."

आम्ही माना खाली घालून कामाला लागलो. तो बोटीनं गेला. गावी दुकान टाकलं. पोरांना सांगायचा म्हणे, वरच्या माणसाशी वाद घालू नका. तसाच वारला बिचारा.

परवा इथे कुवेतातच, हवल्लीतल्या घरी माझी मुलगी इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचत होती. तोच न्यायाधीश. घरी बसवल्यावर म्हातारपणी तो पार्लमेंटात बोलायला उभा राहिला आणि पुढच्या राजाला कायद्यापुढे वाकायला लावलं.

सायबानं गोष्ट मध्येच थांबवली होती. आणि केबिनमध्ये आम्ही एवढे जण उभे, पण "मग पुढे?" एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही.