काडाचं तेल आणि सरमंडलसाहेब

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मोरोपंतकाका, व्यासपीठावर बसलेले आमचे मालक अजेयजी, आजचे सत्कारमूर्ती अशोकराव सरमंडल, त्यांच्या पत्नी कल्पनाताई, आणि देवास-धारहून आलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी विद्युल्लता. साहेबांच्या हाताखाली प्रयोगशाळेत शिकले, आज तीच सांभाळते. माझी शाळा हिंदीतली. मराठी कुठे अडखळली तर कल्पनाताई खुणेनं सांगतीलच.

विमानाचं हिरवं इंधन वाटेल त्या रीतीनं करून चालत नाही. मान्य पद्धती ठरलेल्या आहेत. कुणी मद्यार्कापासून करतं, कुणी काडीकचऱ्याचा आधी वायू करतं. आपली कंपनी वापरलेल्या खाद्यतेलापासून करते. पण साहेबांचा जीव होता सोनकच्छच्या शेतांत उरणाऱ्या सोयाबीनच्या काडात. हवा न लागू देता काड तापवायचं, निघालेलं काळं तेल शुद्ध करायचं. या रीतीला मान्यता नव्हती. दिवसभर कंपनीचं काम आणि उरलेल्या वेळात हे काड. कल्पनाताई, तुम्ही ते धुराचे शर्ट किती वर्षं धुतलेत?

आणि एक दिवस ते इंधन आपल्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या चाचण्यांत उतरलं! साहेबांनी बाटली उजेडात धरली. नुसते हसत राहिले.

त्याच वर्षी आपली पहिली मोठी ऑर्डर आली आणि वापरलेलं तेल कमी पडलं. दुकानदारांनी ते साबणवाल्यांना देऊन टाकलं होतं. अजेयजी प्रयोगशाळेत आले. आज हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

"सरमंडलसाहेब, तुमचं काडाचं मिसळून टाकू ना. टेस्टमध्ये तर पास होऊन राहिलंय."

"होतंय. पण मान्य नाही."

"अरे भिया, कुणाला कळणार? तुमचं इंधन आकाशात जाईल. तुम्हाला हेच तर पाहिजे होतं!"

साहेबांनी बाटली परत फळीवर ठेवली. मग म्हणाले, "हेच पाहिजे होतं. पण आपल्या बाटलीत पास होणं वेगळं. इंजिनातली रबरं त्यानं फुगतात का आकसतात, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. वर काही बिघडलं तर गाडी कडेला लावता येत नाही, अजेयजी. आणि माझं लेकरू मी दुसऱ्याच्या नावानं शाळेत घालणार नाही."

ऑर्डर हातची गेली. युनिट बंद पडलं, लोक घरी बसले. आपल्या युनिटातल्या सुमंगलाबाई भर फाटकात साहेबांना म्हणाल्या, "साहेब, तुमचं तत्त्व तुमच्यापाशी. माझ्या घरी दोन लेकरं आहेत." साहेबांनी मान खाली घातली.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टेंपो काढला आणि सरळ सुमंगलाबाईंच्या दारात उभा केला. "बाई, येता का? मला दुकानदारांशी बोलता येत नाही." बाई रागातच चढल्या! मग धार, धरमपुरी, कन्नौद, एकेक कचोरीवाला, एकेक नमकीनवाला. एकानं विचारलं, "फेंकने का तेल लेने साहब खुद आए हैं?" बाई म्हणाल्या, "भिया, इससे हवाई जहाज उड़ेगा. ढक के रखना, पानी मत जाने देना." हिवाळा सरता सरता टाक्या भरल्या. युनिट सुरू झालं, घरी बसलेले सगळे परत आले. पुढची ऑर्डर आपण मान्य पद्धतीनं, तेलाच्या खऱ्या नावानं पुरी केली.

काडाच्या तेलाचं काय झालं? अजेयजींनी स्वतः ते तपासणीसाठी परदेशी पाठवलं. गेल्या आठवड्यात निरोप आला. पहिला टप्पा पार झालाय. आता इंजिनावरच्या चाचण्या.

मी धावत साहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, "अजून किती वर्षं?"

"सात-आठ तरी, साहेब."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी सांगू नये, पण सांगते. मग म्हणाले, "विद्युल्लताबाई, मी असेन-नसेन. पण तुम्ही घाई करू नका."

साहेब, या सभेसमोर शब्द देते. आम्ही घाई करणार नाही.

शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर आपली लेक समजून पोटात घाला.