भुयारातली चूल

आता हसताय, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणून मी एकटीच व्हिएतनामला गेले. अकोल्याच्या सासूबाईंची अट एकच, त्यांचा फोन उचलला नाही तर पुन्हा एकटीनं जायचं नाव नको.

नेमका, युद्धात लोक लपून राहायचे त्या भुयाराच्या तोंडाशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिथली चूल दाखवणाऱ्या गाईडबाई माझ्यावर इंग्रजीत डाफरल्या, "फोन बंद!"

फोनमधून सासूबाई म्हणाल्या, "अवं, इथं सैपाक करत तं धूर कुठी जाये?"

मी भीत भीत विचारलं. गाईडबाई एकदम खुलल्या. "विमानांना दिसू नये म्हणून लांब झाडीत सोडायचे. माझी आईच रांधायची इथं. लोक नुसतं बंदुकांचं विचारतात."

"मंग माय कवा जेवे, विचार."

"सगळ्यांच्या शेवटी."

सासूबाई म्हणाल्या, "फोन तिच्यापाशी दे पोरी, भाषेचं आमी पाहून घेऊ, अन् तू जाय फिरून ये."