वाढीव दोन तास

वडील : आता काय झालंय? वादळ गेलं की! ते बघ, ऊन पडलंय चक्क.

मुलगी : बाबा, हळू बोला. सगळे प्रवासी आपल्याकडेच बघताहेत.

वडील : बघू देत! विमान दारात उभं, कप्तान माझी मुलगी, आणि मी तीन तास या खुर्चीला खिळलोय. मुद्दाम तुझं विमान गाठलं मी. सहाला तुझ्या आत्याला, ठकीला, ऑपरेशनला आत नेणार. त्याआधी पोचायचंय मला.

मुलगी : विमान ठीक आहे हो. माझे तास संपलेत. पहाटे तीनपासून ड्यूटीवर आहे, चार उड्डाणं झाली. विजा कडाडत होत्या तेव्हा विमानाजवळ कुणालाच जाऊ देत नव्हते. तो वेळही ड्यूटीतच धरतात.

वडील : मग दुसरा पायलट बोलवा.

मुलगी : त्याचं विमान वादळामुळे भलत्याच गावी उतरवलंय. तो नऊपर्यंत येईल.

वडील : नऊ! अगं, काउंटरवरचा माणूस तर म्हणाला, कप्तानाने मनात आणलं तर दोन तास वाढवून मिळतात.

मुलगी : मिळतात.

वडील : मग घोडं अडलंय कुठे?

मुलगी : मी नाही म्हणून कळवलंय.

वडील : काय बोलतेस! सख्खी आत्या तुझी. आधीच हृदय नाजूक, भुलीतून उठलीच नाही तर? तुझे डोळे तर टक्क उघडे दिसताहेत मला.

मुलगी : तेव्हाही हेच म्हणाला होतात.

वडील : कधी?

मुलगी : बदली ड्रायव्हर आला नव्हता, पाऊस मी म्हणत होता. डेपोतल्या साहेबांना तुम्ही म्हणालात, ‘डोळे टक्क उघडे आहेत माझे,’ आणि बस काढलीत. तुमच्या मागेच आत्या बसली होती. तिच्या मांडीवर मी.

वडील : सात वर्षांची होतीस तू.

मुलगी : बस खड्ड्यात गेली ते नाही आठवत. त्याच्या आधीचं आठवतं. तुमची मान हळूहळू खाली येत होती आणि मला वाटलं, बाबा गंमत करताहेत.



वडील : तेव्हा मोडला त्याच पायाचं ऑपरेशन आहे आज. पंचवीस वर्षं ओढत चालली बिचारी. आणि मी तिला एकदाही... म्हणून जायचं होतं गं.

मुलगी : मघाशी को-पायलटने विचारलं, धावपट्टी कुठली? मी सकाळच्या विमानतळावरची सांगितली. त्याने हसण्यावारी नेलं, मी लगेच नाही म्हणून कळवलं. एकशे साठ माणसं आहेत, बाबा.

वडील : लोक शिव्या घालताहेत तुला. मीही घातल्या, त्यांच्यात बसून.

मुलगी : ऐकल्या मी. धरा हा फोन. आत्याला लावलाय.

वडील : नको, नको! असलं फोनवर कसं सांगू?

आत्या : हॅलो, दादा? कुठवर आलास?

वडील : इथेच आहे. विमान न्यायला पोरगी नाही म्हणाली. दमलेय म्हणाली.

आत्या : असं स्पष्ट म्हणाली?

वडील : हो. ठके, तेव्हा मीही दमलो होतो गं. रस्ता खचला म्हणून गावभर सांगत फिरलो. रस्ता धड होता. मला झोप लागली होती. तुझ्या पायाचं वाटोळं मी केलं.

आत्या : माहीत आहे रे. मागेच बसले होते ना मी.

वडील : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

आत्या : तू सांगशील म्हणून थांबले. आता रडू नकोस, लोकांत आहेस. उद्या ये सावकाश. हा पाय घेऊन मी कुठे पळून जातेय? आणि पोरीला म्हणावं, झोप काढ.

वडील : सांगतो. ठेवू? ठेवतो हं... ऐकलंस ना? टोपी काढ ती. टेक डोकं माझ्या खांद्यावर.

मुलगी : बाबा, लोक बघताहेत.

वडील : बघू देत. झोप तू. मी जागा आहे.