कुंदाताई खरं सांगायच्या

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मला सभेत बोलायची सवय नाही. घरीही आता बोलायला कोणी नसतं. पण कुंदाताईंचा भाचा काल आला आणि म्हणाला, ‘काका, मावशीचं काम तुम्ही जवळून पाहिलंय. तुम्हीच बोला.’ म्हणून उभा आहे. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुंदाताई येऊन गेल्यात. दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या आणि डॉक्टरांनी ‘आता घरीच ठेवा’ म्हणून परत पाठवलेल्या पेशंटकडे जाऊ लागल्या. सानपाड्यात, जुईनगरला, पार कामोठ्यापर्यंत.

माझ्याकडे त्या आल्या सुमनसाठी, माझ्या पत्नीसाठी. कॅन्सर पोटात पसरला होता. आम्ही साताऱ्याकडचे. बिल्डिंग नवी, ओळखी नाहीत, मुलगी सासरी नागपूरला. सुमन विचारायची, ‘मी बरी होईन ना?’ मी म्हणायचो, ‘होशील की.’ मग ती भिंतीकडे तोंड करायची आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. एकाच घरात दोघं, आणि दोघंही एकटे.

एक दिवस तिने तोच प्रश्न कुंदाताईंना विचारला. ताई तिची पाठ पुसत होत्या. त्यांनी पाठ पुरती पुसली, पावडर लावली, गाऊन सारखा केला. मग पलंगाच्या कडेला बसल्या. तुम्हाला त्यांची बोली ठाऊक आहे, खाडीकाठच्या गावातली. म्हणाल्या, ‘नाय वहिनी. बरं नाय होनार. पन दुखू नाय देनार मी. आनि रोज येनार.’

मी दारातच उभा होतो. सुमन खूप रडली. ताईंनी तिला रडू दिलं. मग मला म्हणाल्या, ‘दादा, गॅलरीत नका जाऊ. हितं बसा.’ आणि स्वतः चहा टाकायला आत गेल्या.

त्या दिवशी सुमन माझ्याशी बोलली. मुलीला काय द्यायचं ते बोलली. मला भाताला पाणी किती घालायचं कळत नाही, त्याची तिला काळजी होती. तेही बोलली. आम्ही हसलोसुद्धा. शेवटचे ते दिवस आम्हाला एकमेकांचे मिळाले. ते कोणामुळे मिळाले?

सुमन गेली. तेरावा झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात कुंदाताई. मी म्हटलं, ‘ताई, आता इथे पेशंट कुठे आहे?’ त्या म्हणाल्या, ‘जेवलाव काय?’ जेवलो नव्हतो.

त्यानंतर त्या येत राहिल्या. कधी कालवण घेऊन, कधी नुसत्याच.

मग गेल्या वर्षी त्याच आजारी पडल्या. तोच आजार. भाचा बिचारा द्रोणागिरीला गोदामात नोकरीला, रविवारी यायचा. ताईंच्या समोर राहणाऱ्या अंजलीवहिनी त्यांना आंघोळ घालायच्या. मी सकाळी पेज न्यायचो आणि बसायचो. लोक कुजबुजले. कुजबुजू देत.

ताईंना सेवा करून घेणं जमत नव्हतं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायच्या. म्हणाल्या, ‘दादा, करायला सोपं हाय. करून घ्यायला लय कठीन.’ एकदा माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मला भीती वाटते.’

मंडळी, एवढ्या माणसांच्या उशाशी बसलेली ही बाई. तिलाही भीती वाटत होती, आणि आपण कोणी कधी विचारलं नव्हतं.

खोटा धीर द्यायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, ‘मलाही वाटते, ताई.’ त्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, ‘ऱ्हावा जरा.’

मी राहिलो. परवा दुपारी त्या गेल्या, तेव्हा अंजलीवहिनी आणि मी दोघंही तिथेच होतो. दुखत नव्हतं त्यांना. एवढं मी खात्रीने सांगतो.

आता आपण उभे राहू. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. आणि नंतर, ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांनी चहासाठी थांबू नका. घरी जा. तुमची वाट बघत असतील. खुर्च्या मी आवरतो. माझी घरी कोणी वाट बघत नाही.