थ्री फेजच्या गाण्याचा शेवट

आमी मूळचे वडूजच्या अंगाचे. तिकडं जमीन हाय पर पाणी न्हाई, म्हणून माझे वडील लग्न झाल्यावर आईला घिऊन हिकडं कडेगावच्या बाजूला आले. हिकडं ऊस, म्हंजे हाताला काम. वडील दिवसभर दुसऱ्याच्या रानात, आन् जयंती जवळ आली की आमच्या विहारात गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. आई म्हणायची, दत्ता, तुला झोपवायला अंगाई लागायची न्हाई, ढोलकी थांबली की तू उठून बसायचास. आता तुमी म्हणाल, ढोलकीवाल्याचा पोरगा गिटारकडं कसा गेला. तेच सांगतो, पर माझं बोलणं जरा हिकडचं तिकडं जातं, तेवढं ल्हिताना सांभाळून घ्या.

दहावी झाल्यावर मी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात लागलो. हिरीवरची पाण्याची मोटार जळती, ती खोलायची, आतली जळकी तार काढायची आन् नवी तांब्याची तार गुंडाळून बसवायची. आजबी तेच करतो, तवा दुकान मालकाचं व्हतं, आता माझं हाय, एवढाच फरक. तर सांगलीला तार आणायला गेलतो तवा जुन्या बाजारात एक इलेक्ट्रिक गिटार दिसली, मान मोडलेली. घेतली. का घेतली ते इचारू नका, मलाबी ठावं न्हाई. मिरजेला सतारी करणारे एक चाचा व्हते, त्येनी मान जोडून दिली आन् म्हणाले, बेटा, ह्येच्या पोटात आवाज न्हाई, ह्येला वीज लागती, आन् वीज पकडायचं कॉईलच कुणीतरी काढून नेलंय. मी म्हणलं, चाचा, कॉईलचं माझ्यावर सोडा. कॉईल म्हंजे काय, लोहचुंबकाभवती केसासारखी बारीक तार गुंडाळायची. आमचं तर कामच ते. दोन-तीनदा तार तुटली, पर शेवटी वाजली. जरा घोगरी वाजायची, पर तसला आवाज दुसऱ्या कुठल्याच गिटारला न्हवता, हे मी आजबी छातीवर हात ठिवून सांगतो.

सुभाष आमच्याच गावचा, माझ्या वर्गातला. त्येंचा ऊस, त्येचे दोन थोरले भाऊ फौजंत. ह्येलाबी फौजंतच जायचं व्हतं, पर तवर घरी रिकामा, आन् रिकामा म्हंजे दिसंल त्येच्यावर बडवणारा, पत्र्यावर, डब्यावर, मोटारसायकलच्या टाकीवर. कराडच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडनं त्येनं ड्रमसेट आणला आन् रानातल्या गोठ्यात मांडला, घरात कोण मांडू देतंय. गोठ्यात त्येच्या आईची म्हस. आईला सगळा गाव आक्का म्हणायचा, आमीबी आक्काच म्हणायचो. आक्का लय करडी बाई. मुडद्यांनो, म्हणायची, माझी म्हस आटली तर तुमास्नी दावणीला बांधीन.

आन् तिसरा विजय. त्येच्या आजोबांचं गाव तिकडं पाटणच्या वर, कोयनंच्या खोऱ्यात, धरणाच्या पाण्यात गेलं, तवा त्ये लोक हिकडं वसवले. विजय सांगलीला इंजिनिअरिंगला व्हता, तितं हॉस्टेलवर पोरांनी त्येला परदेशी बँडच्या कॅसेटी ऐकवल्या आन् हा खुळा झाला. बेस गिटार घिऊन आला, सुट्टीला आला की गोठ्यात. गायचाबी त्योच, शब्दबी त्येचेच. बँडचं नाव मात्र मी ठिवलं, थ्री फेज. तिघं जण म्हणून, आन् आमच्याकडं थ्री फेज लाईट आली म्हंजे काय ते ल्हान पोरालाबी कळतं. ठराविक तासच येती ती, पर आली की सगळं रान जागं व्हतं, हिरीवरच्या मोटारी सुरू व्हत्यात. फक्त एक अडचण व्हती, खरीखुरी थ्री फेज आली की सुभाषला काठ्या टाकून उसाला दारं धरायला, पाणी पाजायला जावं लागायचं, मंग आमी दोघं म्हशीकडं बघत बसायचो.

आता गाण्याचं सांगतो. गाणी धा-बारा केली आमी, पर एक गाणं म्हंजे गाणं. विजयच्या आजोबांच्या गावाचा जुना रस्ता हाय, उन्हाळ्यात धरण खाली गेलं की दिसतो, सरळ पाण्यात शिरतो. रस्ता पाण्यात गेला, रस्त्याला कुणी सांगितलं न्हाई, अशी सुरवात. आधी सावकाश, मंग वाढत वाढत जायचं, सुभाषचा ड्रम म्हंजे धरणाचं दार उघडल्यागत, माझी गिटार वरडायला लागायची, आन् एकदम, दाणकन, सगळं बंद. काय न्हाई. शांत. चांगला दम धरून शांत. आन् मग वाद्य एकबी न्हाई, नुसत्या आमच्या तिघांच्या गळ्यानं दोन वळी म्हणायच्या आन् संपलं. त्या दोन वळींसाठी आधीचं सगळं गाणं व्हतं. विजय म्हणायचा, आधीचं सगळं रस्ता हाय, घर शेवटाला हाय.

तुमाला खरं वाटायचं न्हाई, पर बँड व्हता तवर त्यो शेवट एकाबी मांडवात कुणाच्या कानावर पडला न्हाई. का, ते सांगतो. आमच्याकडं यात्रा-जत्रंला, गणपतीला ऑर्केस्ट्रा आणत्यात. आन् ऑर्केस्ट्राची रीत काय, गाणं आवडलं की कुणीतरी बक्षीस देतो, आन् निवेदक गाणं मधीच थांबवून माईकवर नाव पुकारतो, आमक्या तात्यांच्याकडनं, तमक्या आबांच्याकडनं, टाळ्या झाल्या पायजेत. लोक गाण्याला कमी आन् आपलं नाव ऐकायला जास्त थांबत्यात. आता आमच्या गाण्यात मधी शांतता. निवेदक टपूनच बसलेला. सगळं बंद झालं की त्येला वाटायचं गाणं संपलं, आन् माईक तोंडाला लावायचा. तात्या, आबा, भाऊ, दादा. तवर पब्लिक उठून पान खायाला गेलेलं. आमी आपलं उभं, तोंडं आ करून, गळ्यात वळी अडकलेली.

एकदा दोनदा न्हाई, जितं वाजवलं तितं हेच. कुठं नावं पुकारली, कुठं लाईट गेली, एका गावात तर त्या शांततेतच देवाची पालखी आली आन् हलगी सुरू झाली. सुभाष वैतागला. म्हणला, इज्या, ती थांबायची जागा काढून टाक की रं, सरळ जोडून टाक. विजय म्हणला, काढायची न्हाई. सुभाष म्हणला, आरं शेवट ऐकायला कुणी ऱ्हात न्हाई तर तुझ्या घराला काय जाळायचंय का. विजय म्हणला, दार न लावता घर व्हतंय व्हय रं. मला इचारलं, दत्त्या, तू सांग. मी काय सांगणार, मला दोघांचंबी पटायचं. मी म्हणलं, गड्यांनो, चहा घ्या.

मंग सांगलीला एक स्पर्धा झाली, मोठी, मैदानावर मांडव. पुण्याहून एक जण परीक्षक म्हणून आलता, त्येचं पुण्यात रेकॉर्डिंगचं काम, ज्यो आवडंल त्येची कॅसेट काढतो म्हणून आधीच बोलला व्हता. आमी निवेदकाला आधी जाऊन सांगितलं, साहेब, गाण्यात मधी शांतता हाय, तवा माईक घिऊ नका, गाणं संपल्यावर आमी वाकून नमस्कार करू. त्यो म्हणाला, आवं मला काय खुळा समजता काय, पंधरा वर्सं निवेदन करतोय. बरं म्हणलं. वाजवलं. काय वाजवलं म्हणून सांगू तुमाला, आमचं आमालाच खरं वाटंना. पुण्याचा माणूस डोळं मिटून ऐकत व्हता, मी वरनं बघत व्हतो. दाणकन बंद. शांत. विजयनं श्वास घेतला, आन् तेवढ्यात गेटवर फटाक्याची माळ लागली. प्रमुख पाहुणे आले. निवेदक उडी मारून माईकवर, आपल्या सर्वांचे लाडके. पुढचं मला ऐकू आलं न्हाई.

नंतर विजय त्या पुण्याच्या माणसाकडं गेला. मीबी मागं. त्यो माणूस वाईट न्हवता, चहाचा कप खाली ठिवून नीट बोलला. म्हणाला, पोरांनो, दम हाय तुमच्यात, पर गाण्याला शेवट न्हाई. मधीच सोडल्यागत वाटतं. शेवटावर काम करा. विजयला सांगायचं व्हतं, सर, शेवट हाय, आत्ता म्हणून दाखवतो. पर तितं जेवणाच्या ताटांचा गलका, कुणाला म्हणून दाखवायचं. म्हणला, व्हय सर.

त्येच्यानंतर फुटलो. भांडण न्हाई काय न्हाई. सुभाषला फौजेचं बोलावणं आलं, आक्कानं पेढं वाटलं. विजय पुण्याला कंपनीत गेला. मी तार गुंडाळत ऱ्हायलो. आन् आमीच एकटे न्हाई, तुमी हे ल्ह्याच. पाटणला चार पोरं व्हती, आमच्याहून भारी, त्येंचा बेसवाला आता जीप चालवतो. सांगलीत एक पोरगी गायची, तिचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा, ती लग्न करून गेली, कुठं गेली ठावं न्हाई. टीव्हीवर दिसत्यात तेवढेच वाजवणारे असत्यात असं न्हाई. गोठ्यात, गाळ्यात, शाळंच्या मागच्या खोलीत लय वाजवलंय लोकांनी. कुणी ऐकलं न्हाई म्हणून वाजलंच न्हाई असं व्हतंय का. पर आता सांगून तरी काय, मलाबी दम लागतो.

तर गेल्या दिवाळीच्या आधी सुभाष हवालदार म्हणून रिटायर होऊन आला. आमच्याकडं फौजी रिटायर झाला की गाव वेशीपासनं मिरवणूक काढतं, उघडी जीप, फुलं, डीजे, घरोघरच्या बाया ओवाळत्यात, मंग देवळापुढं सत्कार. सुभाषनं मला आधीच फोन केला. दत्त्या, म्हणला, सत्काराला भाषणं नकोत मला, आपण ते एक गाणं वाजवू. मी म्हणलं, आरं ड्रमला उंदरांनी भोकं पाडल्यात. म्हणला, डीजेवाल्याकडनं दुसरा आणतो. विजयला सांगितलं, त्योबी लगीच हो म्हणला. पोट सुटलंय त्येचं, केस गेल्यात, पर हो म्हणला. सरावाला त्येला येळ मिळाला न्हाई, सातारच्या रस्त्यावर गाडी अडकली, त्यो आला त्यो डायरेक मांडवातच. मी आन् सुभाषनं आदल्या दिवशी माझ्या दुकानात वाजवून बघितलं व्हतं, नुसतं वाजवायचं तेवढं. शेवटाचं गायचं काय, ते विजयलाच ठावं असणार, त्येनंच ल्हिलंय.

माईक माजी सैनिकांच्या अध्यक्षांच्या हातात. सुभाष त्येंच्यापुढं उभा ऱ्हायला आन् म्हणाला, अण्णा, गाणं मधी बंद पडंल. माईक वर न्यायचा न्हाई. अण्णा म्हणाले, न्हेणार न्हाई. आन् खरंच न्हेला न्हाई, दोन हात मांडीला लावून सावधानमधी उभे ऱ्हायले म्हातारे. वाजवलं आमी. बोटं ऐकंनात, सुभाषचा मधी ताल चुकला, पर उठलं गाणं, वाढत वाढत गेलं, आन् दाणकन बंद.

शांत. कुणी नाव पुकारलं न्हाई. लाईट गेली न्हाई. फटाकडा न्हाई. सगळा मांडव गप बसून आमच्याकडं बघतोय. आन् मी विजयकडं बघितलं, विजयनं माझ्याकडं, सुभाषनं आमा दोघांकडं. कुणालाच आठवंना.

काय सांगू तुमाला. इतक्या वर्सांत जितं जितं गाणं मनात वाजलं तितं ते त्या दाणकन बंदला थांबायचं, पुढं निवेदकाचाच आवाज यायचा. शेवट आमीच इसरलो व्हतो. विजयचं तोंड उघडं ते उघडंच. मागं कुणीतरी एक टाळी वाजवली, एकच.

तवा पुढं खुर्चीवर आक्का बसलेली, गळ्यात सत्काराचा हार, तो तिला टोचत व्हता म्हणून हातानं धरलेला. ती म्हणाली, आरं, पायताण काढ गड्या.

आमी तिघांनी तिच्याकडं बघितलं. ती वैतागली. म्हणाली, आसं काय बघताय मुडद्यांनो, पायताण काढ गड्या, हितनं पुढं घर हाय. म्हणा की.

कसं ठावं तिला, ते नंतर तिनंच सांगितलं. आमी गोठ्यात बडवायला लागलो की म्हस पान्हा चोरायची, जवळ गेलं की लाथ मारायची. म्हणून आक्का चरवी घिऊन दाराशी उभी ऱ्हायची, सगळं बंद होईतोवर. आन् नुसतं गळ्यानं म्हणणं सुरू झालं की म्हस शांत व्हायची, आन् त्या दोन वळींत आक्का धारंला बसायची. विजय सुट्टीला आला की हे रोजचं. आमाला वाटायचं शेवट कुणी ऐकला न्हाई. आमच्या पाठीमागं एक बाई रोज त्याचीच वाट बघत उभी व्हती.

म्हणलं मग आमी. पायताण काढ गड्या, हितनं पुढं घर हाय. पाणी गुडघ्याला आलं तरी, वाट वळखीची हाय. विजयचा आवाज फुटला, सुभाषचा पहिल्यापासनंच बेसूर, पर म्हणलं शेवटापर्यंत. आन् वाकून नमस्कार केला, सांगलीला करायचा ऱ्हायला व्हता तो. टाळ्या झाल्या, लय न्हाईत, बेतानं. एक म्हातारा म्हणाला, गाणं बरं हाय पर मोठं हाय. अण्णांनी तवा कुठं माईक वर न्हेला आन् पंगतीची सूचना दिली. आक्का उठली, हार काढून सुनेच्या हातात दिला आन् म्हणाली, म्हस तटली असंल माझी, धारंची येळ टळली, मी जाते, तुमी जेवा.

एवढंच. विजय पुण्याला गेला, सुभाष कुठंतरी शिक्युरिटीचं काम बघतोय, पेन्शनवर भागत न्हाई म्हणतो. गिटार ती बघा तारंच्या रिळांमागं उभी हाय, कॉईल अजून मी गुंडाळलेलंच. आक्का आता थकली, म्हस इकली, पर मी तिकडनं गेलो की दारातनं म्हणती, दत्ता, पायताण काढ, आत ये, चहा घे. मी काढतो आन् जातो.

तुमीबी मला न थांबवता ऐकलंत, तुमचं चांगलं हुंदे. उठतो आता. ही मोटार आज जोडून द्यायची हाय, थ्री फेज यायची येळ झाली.