गिरणीवाल्या मुक्ताजींचा कंप

मंडळी, ऐका! टाळ खाली ठेवा, आज गायला मन नाही. एक सवाल टाकतो — माणसानं पाप सोडलं आणि सोडल्यावर सहा दिवसांत मेला, असं होईल का? माना हलवू नका! होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पिठाच्या गिरणीवाले मुक्ताजी खराटे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, एकादशीला गिरणीचा पट्टासुद्धा उपाशी! आणि गिरणीच्या मागं, कुंपणाआड — दिवसाला पंधरा सिगारेटी! हसताय? हसा. तुमच्यातले चौघे आत्ता वेलदोडा चघळतायत, मला इथवर वास येतोय.

मुक्ताजींना दमा. डॉक्टरांनी विचारलं, "विडी-सिगारेट?" बाकावर गावचेच भजनी बसलेले. मुक्ताजी माळ चाचपत बसले. बायको गोदाक्का ताडकन म्हणाली, "अहो डॉक्टर, माळ दिसत नाही का? तीन पिढ्यांचं माळकरी घर आमचं!"

झालं! गोळी सुरू झाली. गुण येईना, म्हणून डॉक्टरांनी ती दुप्पट केली. "पीठ नडतंय," म्हणाले. कुठलं पीठ! धूर नडत होता. सिगारेट ओढणाऱ्याचं यकृत काही औषधं भराभर संपवतं, त्यांतलंच हे एक. पण डॉक्टरांना सांगणार कोण?

मग मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. मुक्ताजींकडे वीणेचा पहारा — वीणा गळ्यात घ्यायची, दुसऱ्यानं घेईपर्यंत उतरवायची नाही. आणि इथं माणूस खरा निघाला हो! माझ्या पाया पडून म्हणाला, "महाराज, आजपासून एक गोष्ट सोडली. कोणती ते विचारू नका."

मी विचारलं नाही. मला माहीत होतं! बारा वर्षं त्याला आलिंगन देत होतो, सदऱ्याचा वास लपतो का? पण त्याच्या गळ्यात माळ मीच घातलेली. माझीच लाज गेली असती ना!

धूर थांबला. यकृताचा वेग उतरला. गोळ्या मात्र तेवढ्याच, दुप्पट! गिरणी मंदावली आणि वरून दाणा ओतणं चालूच — काय होईल? औषध अंगात साठत गेलं. चौथ्या दिवशी उलट्या. "पित्त असेल!" पाचव्या दिवशी डोळ्याला डोळा नाही. सहाव्या दिवशी गळ्यात वीणा, हात थरथरतायत, अंग घामानं भिजलंय, छाती धडधडतेय — आणि हा मी शहाणा माइकवरून काय बोललो? "बघा मंडळी, कंप! सात्त्विक भाव दाटलाय!"

माणसं त्याच्या पाया पडायला धावली. बायकांनी लेकरांची डोकी टेकवली. मुक्ताजी म्हणाले, "महाराज, वीणा कुणीतरी घ्या हो..."

मी म्हणालो, "अशा घडीला वीणा सोडायची?" आणि पुन्हा गजर!

झटका आला. वीणेसकट कोसळला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, "यांनी नुकतीच सिगारेट सोडली का?" गोदाक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं. शेवटी तीच म्हणाली, "सहा दिवस झाले."

"सोडली ते उत्तमच केलं. पण सांगून सोडायची होती. आम्ही रक्त तपासून गोळी कमी केली असती."

एवढंच काम होतं! दुपारी मुक्ताजी गेले. गोदाक्का रडली नाही. मला म्हणाली, "वीस वर्षं सदरे मीच धुतले, महाराज. मला काय वास येत नव्हता?"

आता सांगा, पाप सोडल्यानं मेला का तो? नाही! खोट्यावर पुण्य रचलं, म्हणून मेला. आणि ते खोटं त्याच्या एकट्याचं नव्हतं. बायकोचं होतं, गावाचं होतं, या माझ्या तोंडाचं होतं. सिगारेट सोडा — सोडाच! पण डॉक्टरांना सांगा. ओढत असाल तरी सांगा, सोडलीत तरी सांगा. माळेची लाज वाटते? मग माळ सदऱ्याच्या आत सरकवा, पण खरं बोला!

तिसऱ्या रांगेतले आबा, तुम्हालाही दमा आहे ना? एका खिशात गोळ्यांची पाकिटं दिसतायत. दुसऱ्या खिशात काय आहे?

मागं एकदा मी विचारलं नव्हतं. आज विचारतोय.